चिमणी सगळ्यांनी काढली, जिना कुणी काढला?

मागच्या अंकात मी गिरणगावातल्या इमारतींची चित्रं आणि फोटो यांबद्दल लिहिलं होतं. त्यात एक तक्रार होती. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या चिमण्या असंख्य लोकांनी काढल्या, टिपल्या. पण चाळीचा जिना, मोरी, गावकीची (एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेली) खोली, गिरणीतल्या खात्याचा दरवाजा यांची नोंद फार थोड्यांनी ठेवली. त्यावर वाचकांची बरीच पत्रं आली. काही पत्रं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची आहेत, काही माझ्यावर रागावलेल्यांची. निवडक प्रश्नांना इथे उत्तर देते. मी आर्किटेक्ट नाही. परळच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. वडील गिरणीत स्पिनिंग खात्यात होते आणि मी वाढले डिलाईल रोडच्या चाळीत. त्यामुळे सांगेन ते या दोन अनुभवांतून.

बाई, आमची चाळ पुनर्विकासाला चालली आहे. पावसाळा संपला की खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. माझ्याकडे साधा मोबाइल आहे. समोरून काढलेले फोटो सगळ्यांकडेच आहेत. मी नेमकं काय टिपू?
— एक वाचक, लालबाग

आधी मोबाइल खिशात ठेव. चौकटींची वही, पेन्सिल आणि मोजपट्टी घे. पहिलं काम खोलीचा नकाशा. वहीतली एक चौकट म्हणजे अर्धा फूट धर. चारही भिंती मोज आणि दोन्ही कर्णही मोज, कारण जुन्या खोल्यांचे कोपरे काटकोनात असतीलच असं नाही आणि कर्ण मोजल्याशिवाय ते कळत नाही. मग दार, खिडकी, मोरी, पोटमाळा. जमिनीपासून छतापर्यंतची उंची. पोटमाळ्यावर जाणारी शिडी भिंतीला कुठे टेकते, ते.

यानंतर सामान भर. पलंग, मांडणी, पाण्याचं पिंप, देव्हारा, शिलाई मशीन, घडी घालून भिंतीला लावलेलं टेबल. आणि मग एक काम असं कर, जे कोणताही कॅमेरा तुला करून देणार नाही. त्याच खोलीचे दोन नकाशे काढ, दुपारी दोनचा आणि रात्री अकराचा. कोण कुठे बसतं, कोण कुठे झोपतं, कुणाचं अंथरूण गॅलरीत जातं. घरात आजोबा असतील तर त्यांना विचारून तिसरा नकाशा काढ, त्यांच्या गिरणीच्या दिवसांतला. सकाळी सात ते साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा, बारा ते सकाळी सात अशा तीन पाळ्या होत्या. एक माणूस कामावर निघाला की त्याच्या जागी दुसरा आडवा व्हायचा. कोकणातल्या एकेका गावाने मिळून घेतलेल्या खोल्यांत तर भिंतीला ओळीने ट्रंका असायच्या आणि जेवढ्या ट्रंका तेवढी माणसं कधीच एका वेळी खोलीत नसायची. ही रचना बाहेरून काढलेल्या फोटोत कुठून दिसणार?

आता मोबाइल काढ. माणूस घरी येतो त्या क्रमाने फोटो घे: रस्ता, चाळीचं दार, मीटरच्या पेट्या, जिना, गॅलरी, खोलीचं दार, खोली. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या फोटोतला थोडा भाग पुढच्या फोटोतही येऊ दे, म्हणजे पुढे कुणालाही तो रस्ता मनातल्या मनात चालता येईल. मोबाइलमध्ये पडद्यावर आडव्या-उभ्या रेषा दाखवायची सोय असते ती चालू कर आणि चाळीचे खांब त्या रेषांशी समांतर ठेव. इमारत मावत नाही म्हणून मोबाइल वर तिरका करू नकोस. त्याने इमारत मागे पडल्यासारखी दिसते आणि मजल्यांची उंची फसवी होते. त्यापेक्षा समोरच्या इमारतीतल्या कुणाला तरी विनंती करून त्यांच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत जा. लालबागमध्ये नाही म्हणणारं माणूस विरळा. फार रुंद दाखवणारी लेन्स दर्शनी भागासाठी वापरू नकोस, तिने कडेच्या खोल्या ताणल्या जातात. एकेक भाग सरळ उभं राहून घे.

जिन्यावर मात्र वेळ घालव. पायऱ्या किती, एका पायरीची उंची आणि खोली किती, ते लिही. लाकडी पायरी मधोमध झिजलेली असते. ती झीज जमिनीलगत मोबाइल ठेवून, बाजूने उजेड येत असताना टिप. समोरून फ्लॅश मारलास तर झीज दिसणारच नाही. कठड्याचा नक्षीदार भाग सगळे टिपतात. तू कठड्यावरचा हात घासून गुळगुळीत झालेला भाग टिप. गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांचे खिळे, गणपतीच्या दिवसांत दिव्यांची माळ बांधायचे आकडे, नळाला पाणी यायच्या वेळा खडूने लिहिलेली भिंत, हे सगळं टिप.

पावसाळ्याआधी एकदा सगळे फोटो काढ आणि पावसाळ्यात पुन्हा काढ. पावसाळ्यात गॅलऱ्यांना निळं प्लॅस्टिक लागतं आणि चाळ ओळखू येत नाही. लोकांना ते चित्र बिघडल्यासारखं वाटतं. पण वर्षाचे चार महिने चाळ तशीच असते, म्हणून दोन्ही रूपं हवीत. शिवाय ढगाळ दिवसांत सावल्या मऊ पडतात आणि गॅलरीच्या आतलं आणि बाहेरचं एकाच फोटोत नीट येतं.

शेवटचं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. रोज रात्री त्या दिवशीच्या फोटोंना नाव दे: चाळ, मजला, खोली की गॅलरी, कोणत्या दिशेला तोंड करून काढला, तारीख. "आयएमजी" आणि पुढे आकडे, अशा नावाने पडून राहिलेल्या फोटोचा दहा वर्षांनी कुणालाही उपयोग नाही, तुलासुद्धा नाही. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवशील तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर बारकावे पुसले जातात. एक प्रत घरी, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक गावी किंवा दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकाकडे ठेव.

मॅडम, मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे लेझरने मोजणी होते, ड्रोन आहेत. मग हाताने चित्र काढण्याचा आग्रह का? तो फक्त हौसेचा भाग नाही का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

लेझरची मोजणी जरूर कर. माझ्या पिढीला ती मिळाली असती तर कितीतरी इमारती आज निदान कागदावर उभ्या असत्या. पण चित्राचं काम वेगळं आहे.

जर्मनीतल्या बर्न्ड आणि हिला बेशर या जोडप्याची गोष्ट तुला उपयोगी पडेल. बर्न्ड झीगन या खाणी आणि लोखंडाच्या कामांच्या भागातला. तो सुरुवातीला तिथल्या जुन्या कारखान्यांची रेखाटनं करत असे. पण चित्र पूर्ण होण्याआधी इमारत पाडली जायची, म्हणून त्याने फोटोचा आधार घेतला. हिला मुळात शिकलेली फोटोग्राफर. १९५९ पासून दोघांनी मिळून पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींचे मनोरे टिपले, समोरून, ढगाळ आकाशाखाली, सावली नको म्हणून. मग एकाच प्रकारच्या बांधकामांचे फोटो ओळीत लावले. एक टाकी पाहिली तर ती फक्त टाकी असते. नऊ टाक्या एकत्र पाहिल्या की प्रत्येक गावातल्या कारागिराने कुठे वेगळा विचार केला ते दिसू लागतं. झीगन परिसरातल्या लाकडी चौकटींच्या कामगार घरांचीही त्यांनी अशीच नोंद केली. मला त्यांच्या कामात ही घरंच सर्वांत जवळची वाटतात, कारण आपल्या जुन्या चाळींतही लाकडाचा सांगाडा आणि मधे विटा, अशीच बांधणी आहे. कुणीतरी लालबाग, चिंचपोकळी, काळाचौकी, करी रोड इथल्या चाळींचे जिने असे एकापुढे एक मांडावेत, अशी माझी फार इच्छा आहे. तूच का करत नाहीस?

म्हणजे फोटो आला तो चित्र अपुरं पडलं म्हणून. मग मी आजही चित्राचा आग्रह का धरते? कारण कॅमेरा समोरचं सगळं सारख्याच जोराने दाखवतो. केबलच्या तारा, उभ्या गाड्या, बिल्डरचा फलक आणि खांबावरचा लाकडी कंस. चित्र काढणाऱ्याला ठरवावं लागतं की काय ठेवायचं. आणि ठरवण्यासाठी समजावं लागतं. कंस काढताना प्रश्न पडतो की गॅलरीचा भार नेमका कशावर उतरतो? उत्तर मिळेपर्यंत पेन्सिल पुढे जात नाही. तासभर बसून एक सांधा काढलास की पुढे तुझ्या लेझरच्या आकड्यांत काय शोधायचं ते तुला कळेल.

दुसरं कारण माणसांचं. कॅमेरा रोखला की लोक बाजूला होतात, नाहीतर पोझ देतात. कागद घेऊन बसलं की जवळ येतात. कुणीतरी मागे उभं राहून सांगतं की ही खिडकी पूर्वी दार होती, इथे खानावळ होती. फूटपाथवर स्टूल टाकून बसले असताना मला जितकी माहिती मिळाली तितकी कुठल्याही कार्यालयातल्या नकाशातून मिळाली नाही. ती माहिती चित्राच्या कडेला तिथल्या तिथे लिही. चित्र खराब होईल याची काळजी करू नकोस.

आणि तिसरं. सुधीर पटवर्धन यांची चित्रं तू पाहिली असशीलच. पेशाने क्ष-किरणतज्ज्ञ, राहणं ठाण्यात. १९७० च्या दशकापासून ते या शहरातली कामकरी माणसं आणि त्यांच्याभोवतीची बांधकामं रंगवत आले. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहतानाचं लोअर परळही त्यांनी रंगवलं. त्यांच्या शहराच्या चित्रांत एकाच कॅनव्हासवर पुलावरून दिसणारं, गच्चीवरून दिसणारं आणि रस्त्यावरून दिसणारं शहर एकत्र येतं. हे मोजणीच्या दृष्टीने खरं नसेल. पण करी रोडला उतरून घरी जाणाऱ्या माणसाच्या डोक्यातलं शहर तसंच असतं.

एक व्यवहाराची सूचना. मुंबईत पावसाळी हवेत जलरंग सुकता सुकत नाहीत, त्यामुळे जागेवर पेन्सिल आणि पेनने काम कर आणि रंगांची नावं चित्रावर लिहून घे. उत्तरेकडे तोंड असलेली भिंत काढायची असेल तर मे महिना गाठ. एरवी वर्षाचा मोठा भाग सावलीत असलेल्या त्या भिंतीवर मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन येतं आणि विटांचा, गिलाव्याचा, जुन्या रंगांच्या थरांचा पोत उठून दिसतो.

तुमचा मागचा लेख वाचून राग आला. आम्ही बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळीत १६० चौरस फुटांत आठ माणसं राहिलो. सकाळी संडासाच्या रांगेत उभं राहून मुलं शाळेत उशिरा पोहोचली. आता कुठे नवं घर मिळतंय, तर कलाकार मंडळींना जुनी चाळ सुंदर वाटते. पडू द्या की ती.
— एक वाचक, वरळी

तुमचा राग मला कळतो, आणि तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ती चाळ पाडून तुम्हाला ५०० चौरस फुटांचं घर मिळत असेल तर त्याच्या आड येणारा एक शब्दही मी लिहिणार नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून बीडीडीच्या २०७ इमारती. १९२० च्या दशकात सरकारने काँक्रीटमध्ये उभारल्या आणि त्यात माणसं कोंबली. त्या इमारती कुणी फार प्रेमाने बांधल्या नव्हत्या.

पण तुमच्या पत्रातल्या दोन ओळींत जे आहे ते मी आजवर पाहिलेल्या चाळींच्या बहुतेक फोटोंत नाही. संडासाची रांग नाही. मोरीत अंघोळ करणाऱ्या मुलीसाठी घरातली सगळी पुरुष माणसं गॅलरीत उभी असत, ती गॅलरी नाही. मजल्याच्या टोकाच्या नळावरून भरलेली कळशी खोलीपर्यंत आणताना पडणारं अंतर कुणी मोजलेलं नाही. आपण मोजू या. इमारत पाडताना तिचा त्रासही पुसला गेला, तर वीस वर्षांनी कुणीतरी गॅलऱ्यांचे सोनेरी उजेडातले फोटो लावून म्हणेल की काय सुंदर आयुष्य होतं. तेव्हा खोडून काढायला कागद हवा. तो कागद तुमच्यासारख्या माणसांनी करावा. रांगेत किती माणसं उभी राहत, एका मजल्याला संडास किती, सकाळी पाणी किती वाजता जायचं.

बायकांचं काम तर इमारतीच्या नोंदीत येतच नाही. गिरणगावातल्या कितीतरी खोल्या दिवसा खानावळी होत्या. एक बाई, दोन शेगड्या आणि जेवायला येणारे पंधरा-वीस कामगार. याच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. १९८२ च्या संपात गिरण्या बंद पडल्या तेव्हा या खोल्यांतल्या चुलींनीच कितीतरी घरं तगवली. अशा एखाद्या खोलीचा नकाशा, पिठाचा डबा कुठे, शेगड्या कुठे, जेवणारे कुठे बसत, मूल कुठे झोपवलेलं असे, इतक्या तपशिलाने कुणाकडे आहे का? तुमच्या आईची किंवा आजीची अशी खोली होती का? असेल तर मला जरूर लिहा. मी स्वतः येऊन तुमच्या सांगण्यावरून तो नकाशा काढेन.

गिरण्या तर गेल्याच. आता तिथे मॉल आणि मनोरे आहेत. चाळींचं ठीक आहे, पण गिरण्यांचं काढण्यासारखं काही उरलंय का?
— एक वाचक, डोंबिवली

उरलंय, पण घाई करायला हवी. कावसजी दावर यांची पहिली गिरणी ताडदेवला १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या सव्वाशे वर्षांत ही वस्ती तिच्याभोवती वाढली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांची जमीन महापालिका, म्हाडा आणि मालक अशी वाटण्याचं सूत्र आलं. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती राहिली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. त्यानंतर इमारती झपाट्याने पडल्या. हे सगळं वर्तमानपत्रांत सविस्तर आलं आहे, म्हणून इथे थांबते.

जे उरलंय त्यात लोक पुन्हा चिमणीच शोधतात. फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या मधोमध उभी आहे, तिचे फोटो रोज निघतात. तुम्ही मात्र छपरं शोधा. गिरण्यांच्या विणकाम खात्याचं छप्पर करवतीच्या दातांसारखं असायचं. प्रत्येक दाताची एक बाजू उत्तरेकडे आणि तिथे काच. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, डोळ्यांवर येत नाही, आणि साच्यांवर, म्हणजे मागांवर, सुटलेला धागा विणणाऱ्याला दिसतो. सूतकताईच्या इमारती बहुमजली, ओतीव लोखंडाच्या खांबांवर उभ्या. लोअर परळच्या मथुरादास आणि कमला मिलच्या आवारांत, रघुवंशी मिलमध्ये जुनी बांधकामं ऑफिसं, दुकानं, हॉटेलं म्हणून वापरली गेली. तिथे जेवायला गेलात तर मान वर करा. छताच्या कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), लोखंडी खांबाचं डोकं, पट्टा फिरवणाऱ्या दांड्याचा भिंतीत राहिलेला आधार यांपैकी काही ना काही सापडतं. कागदी रुमालावर का होईना, पण काढा आणि तारीख टाका.

काळ्या दगडाच्या कुंपणभिंती अजून बऱ्याच ठिकाणी आहेत. त्यांत चिणून बंद केलेली दारं दिसतात. दाराची रुंदी मोजा, कारण पाळी सुटताना त्या दारातून हजारो माणसं बाहेर पडत होती. आणि बसथांब्यांच्या पाट्या, दुकानांची नावं, पत्त्यांत राहिलेली गिरण्यांची नावं, हेही टिपा. जिथून पाहायचं त्या जागाही बदलतात, हे लक्षात असू द्या. लोअर परळचा डिलाईल पूल २०१८ मध्ये बंद झाला आणि नवा पूल २०२३ मध्ये खुला झाला. जुन्या पुलावर उभं राहून दिसणारी डोळ्यांची पातळी आता मिळत नाही. म्हणून फोटोबरोबर तुम्ही कुठे उभे होतात तेही लिहा.

वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, होते. त्यांच्या ट्रंकेत जुने फोटो आहेत. बारसं, लग्नं, गणपती, गिरणीतल्या सत्यनारायणाची पूजा. हे घरगुती फोटो. यांचा इमारतींशी काही संबंध आहे का? काही एकमेकांना चिकटले आहेत.
— एक वाचक, पनवेल

ताई, तुमच्याकडे फार मोलाचा ठेवा आहे. त्या काळात चाळीचा म्हणून कुणी फोटो काढत नसे. फोटो माणसांचा असे आणि चाळ मागे उभी असे. नवरदेवाच्या पाठीमागे जिन्याचा मूळ कठडा आहे, बारशाच्या पाळण्यावर छताच्या तुळया आहेत, गणपतीच्या मखराशेजारी मोरीची फरशी आहे. आणि गिरणीच्या आत कामगारांना कॅमेरा नेता येत नसे. पूजेच्या दिवशी मात्र फोटोग्राफर बोलावला जाई. त्यामुळे तुमच्या सत्यनारायणाच्या फोटोत हार घातलेली यंत्रं, खांबांची ओळ आणि खात्याची खिडकी दिसत असेल. ती जागा आज शिल्लक नसण्याचीच शक्यता जास्त.

चिकटलेले फोटो ओढू नका आणि घरी पाण्यात भिजवू नका. फोटो दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे न्या. बाकीच्यांना लॅमिनेशन करू नका, गोंद लावू नका, चिकट पानांच्या अल्बममध्ये तर मुळीच ठेवू नका. मागच्या बाजूला लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उठतो. स्कॅन किमान ६०० डीपीआयवर करा, आणि मागच्या बाजूचाही स्कॅन घ्या, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो.

वडील आहेत ना? मग उद्याच बसा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला लावा आणि एकेक फोटो त्यांच्या हातात द्या. "हे कोण" एवढंच विचारू नका. "तुम्ही कुठे उभे होतात, उजव्या हाताला काय होतं, या दारातून गेलं की कुठे निघत असू" असं विचारा. माणसांची नावं विसरलेले लोकही वाटा विसरत नाहीत. माझ्या वडिलांनी अखेरच्या आजारपणात मला त्यांचं अख्खं खातं असं सांगितलं होतं, खांबामागून खांब, आणि मी ते काढून घेतलं. गिरणीच्या त्या मजल्याचं तेवढं एकच चित्र माझ्या माहितीत आहे.

रस्त्यावरून इमारतीचा फोटो काढला तरी रखवालदार हटकतो. कायदा काय म्हणतो?
— एक वाचक, दादर

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार इमारतीचं चित्र किंवा फोटो काढणं आणि प्रसिद्ध करणं यात वास्तुकाराच्या हक्काचा भंग होत नाही. खासगी आवारात शिरायला मात्र परवानगी लागते, आणि काही ठिकाणी सुरक्षेच्या कारणाने फोटोला बंदी असते, तिथली पाटी पाळा. रखवालदाराशी वाद घालू नका. बऱ्याचदा तो गिरणी कामगाराचाच मुलगा असतो. वही दाखवा, काय करताय ते सांगा. माणसांचे चेहरे येत असतील तर विचारल्याशिवाय फोटो घेऊ नका, आणि घेतलात तर त्यांना प्रत द्या.

सगळं मुंबईचंच का? आमच्या सोलापुरात जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या होत्या. आमचं कोण काढणार?
— एक वाचक, सोलापूर

तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव यांची नोंद मुंबईपेक्षाही कमी झाली आहे. आणि सोलापूरकडे मुंबईत नसलेली एक गोष्ट आहे. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांची घरं, जिथे राहणं आणि माग एकाच छपराखाली. पुढे चादरी-टॉवेलचे यंत्रमाग, मागे किंवा वर घर. गिरणीच्या इमारतीवर लोकांची नजर जाते, तिच्यासाठी कुणीतरी कधीतरी लेख लिहितो. या घरांकडे वारसा म्हणून कुणी पाहत नाही. माग विकला की त्या खोलीचं दुकान होतं आणि दोन महिन्यांत ओळख पुसली जाते.

म्हणून मोठ्या गिरण्यांच्या आधी ही घरं घ्या. एक गल्ली निवडा. प्रत्येक घराचा समोरून एक फोटो, सारख्याच अंतरावरून, सारख्याच वेळी. मग ज्या घरात आत येऊ देतील तिथे मागाची जागा आणि चुलीची जागा यांतलं अंतर मोजा, कारण घरातली बाई दिवसभर त्याच दोन जागांत असते. उजेड कुठून येतो, कापसाची पिंज कुठे साचते, हादऱ्याने भिंतीला तडा कुठे गेला ते लिहा. मागाचा आवाज रेकॉर्ड करा, एकदा मागाशेजारी आणि एकदा मुलं अभ्यासाला बसतात तिथून. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना तेलुगू येणारं कुणीतरी बरोबर घ्या. ते मराठी उत्तम बोलतात, पण मागाच्या भागांची नावं त्यांच्या तोंडी तेलुगूतच असतात. ती ऐकू येतील तशी लिहून घ्या. पहिल्या दहा घरांचे फोटो आणि मापं झाली की माझ्याकडे पाठवा. पुढच्या अंकात या सदराची जागा मी त्यांच्यासाठी राखून ठेवते आहे.